जाड सालीचं फळ

माझ्या दंडावरचे निळे डाग सगळ्यात आधी माझ्या गिऱ्हाइकांना दिसले. बोळिंजला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं दोन खुर्च्यांचं ब्यूटी पार्लर आहे. खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर पार्लरवालीचे दंडच असतात. भुवया करून घेताना एकीने आवाज खाली आणून विचारलं, "ताई, मिस्टरांचा हात उठतो का हो?" मला हसू आलं. माझा नवरा झुरळ दिसलं तरी मलाच हाक मारतो. पण त्याच आठवड्यात आणखी दोघींनी तेच विचारलं, तेव्हा मी पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायला लागले. माझ्या आजारावरचा हा पहिला इलाज मी स्वतःच केला.

भुवया कोरायचा दोरा एका टोकाला दातात धरावा लागतो. एका दुपारी दोरा दातातून काढला तर तो लाल झालेला. गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून मी तो मुठीत लपवला आणि नवीन दोरा घेतला. तोही लाल झाला. मग पाळी आली ती थांबेचना. विरारच्या लॅबवाल्याने फोन करून पुन्हा बोलावलं, मशीन चुकलं असेल म्हणाला. मशीन चुकलं नव्हतं. जिथे दीड लाख प्लेटलेट्स तरी हव्यात तिथे माझ्या आठ हजार होत्या.

मुंबईच्या हॉस्पिटलात कमरेच्या हाडात जाड सुई घालून आतला बोन मॅरो तपासला आणि नाव सांगितलं: अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. डॉक्टर शांत माणूस होते, समजावून सांगायचे. रक्त तयार होतं ते हाडांच्या आत, आणि माझ्या हाडांतलं ते काम बंद पडलं होतं. बाहेरून कुणी येऊन बंद पाडलं नव्हतं. रोगाशी लढायला म्हणून शरीरात ज्या पेशी असतात त्याच उलटून माझा बोन मॅरो खात होत्या. "कशामुळे?" मी विचारलं. बहुतेक वेळा कळत नाही, म्हणाले. घरचेच घर खातात, हे मला समजवायला त्यांना कागदावर चित्र काढायची गरज नव्हती. मी वसईच्या वाडीवाल्याच्या घरातली मुलगी आहे.

इलाज दोन होते. सख्ख्या भावंडाचा बोन मॅरो जुळला तर तो घ्यायचा. माझं वय छत्तीस, त्यामुळे पहिली पसंती त्याला. नाहीतर औषधं देऊन स्वतःची प्रतिकारशक्तीच दाबून टाकायची, म्हणजे हाडं पुन्हा कामाला लागतील. ही औषधं बऱ्याच जणांना लागू पडतात, सगळ्यांना नाही. लागू पडायला महिने जातात, आणि आजार पुन्हा उलटू शकतो.

मला एकच भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. टेस्टसाठी तो लगेच आला, अगदी इस्त्रीचा शर्ट घालून. गालाच्या आतून कापूस फिरवला, थोडं रक्त घेतलं. परतताना मला म्हणाला, "ताय, माझाच जुळनार बघ." आणि जुळलं. पूर्ण जुळलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात. त्या वाक्याचं मला आजही हसू येतं.

होळीच्या आधीच्या रविवारी मी माहेरी गेले. आमची वाडी वसईच्या पश्चिमेला, नारळ, केळी, भाजी आणि विहिरीमागे पपनसाचं एक झाड. वडील गेल्यापासून वाडी भाऊच बघतो आणि स्वतःच्या टेम्पोतून माल विरारच्या बाजारात नेतो. ओट्यावर आई, भाऊ, त्याची बायको आणि खास बोलावून घेतलेली त्याची सासू अशी सभा भरली होती. मला पाणी दिलं आणि लगेच कामाला सुरुवात केली.

वहिनी म्हणाली, "हाडातून काढतात म्हणजे कंबर गेली ना कायमची. ह्यांना टेम्पोत पोती चढवायची असतात."

मी सांगितलं, भूल देऊन काढतात, चार दिवस दुखतं, काढलेलं महिन्याभरात भरून येतं. डॉक्टरांनीच सांगितलंय.

"मंग डाक्टरनं सोताचा द्यावा," सासू म्हणाली.

मी आईकडे बघितलं. आई शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाय, त्याच्यावर चार तोंडं हायेत. त्याला काय झाला त कोन बघील? तुला तुजा नवरा हाय, औषीध हाय. औषीध घे आदी."

भाऊ मोबाईलवर नारळाचे भाव बघत होता, किंवा बघतोय असं दाखवत होता. मी त्यालाच विचारलं, "तू बोल." तो म्हणाला, "औषधानं झाला नाय त बघू ना, ताय." एवढंच. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो दाखवायला अंगात रक्तही नव्हतं.

आमच्याकडे बहिणींनी वाडीवरचा हक्क सोडल्याची सही करायची असते. जी करत नाही तिचं माहेर बंद. वडील गेले त्या वर्षी भाऊ कागद घेऊन आला तेव्हा पार्लरमध्ये नवरीचा मेकअप चालू होता. मी हात पुसून उभ्या उभ्या सही केली, वाचलंसुद्धा नाही. तेव्हा कुणी ओटाभर सभा भरवली नव्हती. माझ्या सासूला बोलावून विचारलं नव्हतं की बाई, तुमच्या सुनेवरही दोन तोंडं आहेत, सही करू द्यायची का. मी तेव्हा मोठेपणाने म्हटलं होतं, भाऊच आहे, कुठे जातोय. तो कुठे गेला नाही हे खरंच. ओट्यावर माझ्यासमोरच बसला होता.

एप्रिलमध्ये औषध सुरू झालं. ते घोड्याच्या रक्तापासून करतात. माणसाच्या त्या लढाऊ पेशी घोड्याला टोचायच्या, घोड्याच्या अंगात त्यांचा नाश करणारं काहीतरी तयार होतं, ते वेगळं काढून बाटलीत भरायचं. फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली, "घोऱ्याचा? मानसाला?" मानेत नळी घालून चार दिवस ते थेंबथेंब आत सोडलं. पहिल्या दिवशी अशी हुडहुडी भरली की पलंगाचे लोखंडी कठडे वाजत होते. नर्सने दोन पांघरुणं घातली. मी तिला म्हटलं, "घोड्याने दिलं हो, भावाने नाही दिलं." ती हसली. मी हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर आठवड्याभरात अंगभर पुरळ उठलं आणि सांधे सुजले. हे घोड्याचं अंगाला न मानवल्यामुळे होतं, त्यावर वेगळ्या गोळ्या. ते ओसरलं तरी सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल राहिल्या, सकाळ-संध्याकाळ, घड्याळ लावून. पाकीट फोडलं की खोलीभर उग्र वास. त्यांचं काम प्रतिकारशक्तीला डोकं वर काढू न देणं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी गुळवेलीचा काढा, आवळा, हळदीचं दूध टाकायचं, 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून. दुसऱ्या मजल्यावरची बाई तर काढ्याचा थर्मास घेऊन दारात आली. मी म्हटलं, मला ती मारायची आहे, वाढवायची नाही. ती अशी बघत राहिली की जणू माझ्या डोक्यावरही परिणाम झालाय.

त्या कॅप्सूलने केस वाढतात. डोक्यावरचे नाही, नको तिथले. आधी गालांवर लव आली, मग ओठावर, मग कानशिलापासून खाली. दुसऱ्या बायकांच्या ओठांवरचे केस काढून मी पंधरा वर्षं पोट भरलंय, आणि माझ्या तोंडाला दोरा लावायची मला बंदी. जरा कातडी सोलवटली असती तर रक्त थांबलं नसतं, जंतू शिरले असते. सहावीतली माझी मुलगी एक दिवस माझ्याकडे टक लावून बघत म्हणाली, "आई, तू मामासारखी दिसायला लागलीस." बिचारीने सहज म्हटलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

हॉस्पिटलने खाण्यापिण्याचा एक कागद दिला होता. पाणी उकळून. कच्चं काही नाही. बाहेरचं दही, चटणी, ऊस, काही नाही. घरात फुलं ठेवायची नाहीत, गर्दीत जायचं नाही. फळं खायची तर जाड सालीची, घरी सोललेली. मागच्या बाजूला औषधांविषयी बारीक अक्षरात चार ओळी होत्या, त्यात सायक्लोस्पोरिनसोबत ग्रेपफ्रूट खाऊ नये असं होतं. नवऱ्याने मोबाईलवर त्या फळाचा फोटो शोधून बघितला. परदेशातलं कसलंतरी फळ, मॉलमध्ये काचेमागे ठेवतात तसलं. "हे आपल्याकडे कोण खातंय," म्हणाला आणि पेनने त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. अख्ख्या कागदावर न धडपडता पाळता येईल अशी तेवढी एकच सूचना होती.

होळीपासून भाऊ माझ्या घरी फिरकला नव्हता. आठवड्याला रक्त आणि प्लेटलेट्स चढवायला लागायच्या, त्यासाठी रक्तदाते नवऱ्याच्या कंपनीतले, पार्लरच्या गिऱ्हाइकांचे नवरे, सोसायटीचा वॉचमन. परक्या माणसांनी जगवलं मला. ऑगस्टमध्ये रिपोर्ट हळूहळू वर सरकायला लागले. डॉक्टर पहिल्यांदा हसले. रक्त चढवायचं थांबलं. आणि गणपतीत, मी बरी होतेय असं कळल्यावर, भाऊ आला.

दारातच उभा राहिला, मास्क लावून. हातात दोन पपनसं, गणपतीपुढे ठेवायला. म्हणाला, "ताय, तुला काय चालतं खायला?" मी तो कागद त्याच्यासमोर धरला. त्याने उभ्यानेच पुढची बाजू वाचली, एकेका ओळीवर बोट ठेवून. "जाड सालीचा फळ? मंग आपला पपनस. त्याच्याहून जाड साल कुनाची हाय?" हे त्याचं म्हणणं कुणालाही पटलं असतं. मला पटलं. नवऱ्याला पटलं. बोटभर जाडीच्या सालीतून जंतू कुठून शिरणार?

तेव्हापासून एक दिवसाआड त्याचा टेम्पो बोळिंजला थांबायला लागला. वहिनी स्टीलचा डबा उकळत्या पाण्यातून काढून द्यायची. पपनस तो स्वतः सोलायचा. ज्यांनी सोललंय त्यांना माहीत आहे ते काय काम आहे: साल, मग पांढरा गर, मग एकेका फोडीवरची कडू पापडी, बिया. हे सगळं काढून नुसता गुलाबी गर डब्यात भरलेला असायचा. दारातून डबा द्यायचा, रिकामा घ्यायचा, जायचा. आत ये म्हटलं तरी यायचा नाही. त्या कॅप्सूलने माझ्या तोंडाची चव गेली होती. काही खाल्लं तरी पत्रा चघळल्यासारखं लागायचं. पपनस तेवढं लागायचं. मी डबा संपवायचे. तो फेडतोय हे मला कळत होतं. फेडू दे, असं मी मनात म्हणायचे. हाडातलं मागितलं, तू झाडावरचं देतोयस. डबा हातात घेताना बरं वाटायचं आणि राग तसूभरही कमी व्हायचा नाही, दोन्ही खरं आहे.

ऑक्टोबरमध्ये मी पार्लर पुन्हा उघडलं आणि माझे हात थरथरायला लागले. आयलायनरची रेघ सरळ येईना. ब्लडप्रेशर वाढलं, किडनीचा रिपोर्ट बिघडला, आणि रक्तातली औषधाची पातळी हवी त्यापेक्षा खूप वर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "चुकून दोनदा घेता का?" नाही घेत. त्यांनी डोस कमी केला. पंधरा दिवसांनी पातळी तरी वरच. आणखी कमी केला. "औषध तुमच्या अंगाला जरा जास्तच लागू पडतंय," म्हणाले. मला उलट अभिमान वाटला. कमी औषधात भागतंय म्हणजे मी बरीच होतेय, असं मी गिऱ्हाइकांना सांगत होते.

दिवाळी झाली, पपनसाचा हंगाम संपला, डबाही थांबला. नोव्हेंबरची रक्ततपासणी होती. पण त्या महिन्यात लग्नाच्या तारखा दाट होत्या, माझ्याकडे नायगावच्या तीन नवऱ्या होत्या, आणि आठ महिने कुलूप लावलेलं पार्लर मी नुकतंच उघडलं होतं. नवरा म्हणाला, जाऊन ये, एका दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. त्याने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मी ओरडले, तेव्हा त्याने विषय सोडला. हे माझं. हे कुणाच्या खात्यावर टाकता येत नाही.

डिसेंबरात दोरा पुन्हा लाल झाला.

हॉस्पिटलात रिपोर्ट आला तेव्हा औषधाची पातळी जवळजवळ नव्हतीच, आणि प्लेटलेट्स पुन्हा खाली. एक तरुण डॉक्टरीण होती, कोकणातली. तिने मला समोर बसवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय खाता ते विचारून लिहून घेतलं. आत्ता नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरात काय खात होता? मी पपनस म्हटलं आणि तिने पेन खाली ठेवलं. "किती?" एक दिवसाआड एक डबा. "अहो, ते ग्रेपफ्रूटच्या घरातलंच फळ आहे," ती म्हणाली. 

मोठ्या डॉक्टरांनी नीट सांगितलं. पपनसातलं काहीतरी ही कॅप्सूल शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही, म्हणून पातळी वर गेली. त्यांनी पातळी बघून डोस उतरवला. पपनस थांबलं आणि उतरवलेला डोस तेवढाच राहिला, म्हणून पातळी कोसळली. मी विचारलं, "म्हणजे माझा आजार पपनसामुळे उलटला?" ते म्हणाले, "तसं मी म्हणणार नाही. पातळी हलली ती बहुधा त्याने. पण हा आजार पातळी नीट असतानाही उलटतो, तुमचा तसाही उलटला असता की नाही ते कुणालाच सांगता यायचं नाही. आणि नोव्हेंबरात आला असतात तर आपण डोस वाढवला असता." मग चष्मा पुसत म्हणाले, "आता किडनीला हे औषध जास्त सोसवणार नाही. थांबायलाही वेळ नाही. भावाचं काही होतंय का बघा."

मी वाडीवर गेले ती जानेवारीतली सकाळ होती. बोळिंजपासून रिक्षा केली, दोन मास्क लावले. काय बोलायचं आणि काय नाही ते मी रिक्षात ठरवलं. हे मी शांतपणे ठरवलं, कुणी माझ्या तोंडून वदवलं नाही.

भाऊ केळीला टेकू लावत होता. मला बघून धावत आला, लांब उभा राहिला. मी सांगितलं की आजार उलटलाय. कशाने, त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या पपनसाने. त्याने औषध बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं."

 त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं. "ताय, मी हात साबनानं धुतले होते," तो म्हणाला. "दर टायमाला. डबा पन उकळला होता."

हात घाण असण्याशी त्याचा संबंध नाही, हे मी त्याला समजावलं. फळच विषारी ठरलं, त्या औषधाबरोबर. ग्रेपफ्रूटची ओळ कागदाच्या मागच्या बाजूला होती आणि मी आणि नवऱ्याने ती वाचून सोडून दिली होती, हे मी सांगितलं नाही. नोव्हेंबरची तपासणी मी चुकवली, हे सांगितलं नाही. तसाही उलटला असता, हे डॉक्टरांचं वाक्य सांगितलं नाही. तो तिथेच केळीच्या बुंध्याशी खाली बसला आणि लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचा तसा, आवाज न करता, रडला. मला कळवळा आला नाही. मला वाटलं, आता देईल.

"आता काय करायचा?" त्याने विचारलं.

"तुझ्या हाडातलं लागेल."

आठ दिवसांनी तो इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्पिटलात हजर होता. ह्या खेपेला सभा भरली नाही. वहिनीने तोंड उघडलं तर तिच्यावर तो असा ओरडला म्हणे की शेजारचे बाहेर आले. आईने मला फोन केला नाही.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवणं मला आवडत नाही. आधी माझा उरलासुरला बोन मॅरो औषधांनी मारला. डोक्यावरचे केस गेले, गालावरचेही गेले. पाळी कायमची गेली. काचेच्या दारामागच्या खोलीत मी पाच आठवडे होते. भावाच्या कमरेतून काढलेलं ते एका पिशवीतून आलं, लाल, दुसऱ्या कुठल्याही रक्तासारखं दिसणारं. तो वरच्या मजल्यावर पालथा पडून होता आणि आई त्याला पेज भरवत होती. माझ्या खोलीत कुणाला सोडत नव्हते हे खरं, पण नर्सला विचारलं तर माझी आई दारापर्यंतही आली नव्हती.

भावाला घरी सोडल्यावर चौथ्या दिवशी त्याने विहिरीमागचं पपनसाचं झाड तोडलं. कंबर दुखत असताना, स्वतःच्या हाताने, कोयत्याने. वडिलांनी लावलेलं झाड. आईने मला तेव्हा फोन केला. "तू त्याला काय सांगितलास?" तिने विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलं तेच." तिने फोन ठेवला.

आता दोन वर्षं झाली. मी बरी आहे. माझा रक्तगट बी होता, आता रिपोर्टवर ओ येतो, त्याचा. पार्लर चालू आहे, भुवया करते, दोरा पांढरा राहतो. तपासणीला मुंबईला जायचं असलं की भाऊच टेम्पोने नेतो, नवऱ्याला रजा काढू देत नाही. माझ्याशी तो हळू बोलतो, काचेचं सामान उचलावं तसा. घरात आंबट फळ दिसलं की मुलांवर ओरडतो, असं वहिनी सांगते. माझ्याकडे ती आता नीट बघत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आम्ही तपासणी करून परतत होतो. रिपोर्ट चांगला आला होता. चिंचोटीच्या धबधब्याला निघालेल्या पोरांच्या मोटारसायकलींनी हायवे अडवला होता आणि टेम्पो अर्धा तास जागचा हलला नव्हता. भाऊ स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता.

"ताय, एक विचारू?" तो म्हणाला. "मी पपनस आनला नसता त तू औषधावरच बरी झाली असतीस ना? तुझे केस, पाळी, ह्यातला काय झाला नसता ना?"

हे विचारायला त्याला दीड वर्ष लागलं होतं. एका वाक्यात मी त्याला मोकळं करू शकत होते. डॉक्टरांचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. किंवा दुसरं, त्याहून खरं वाक्यही माझ्याकडे होतं: त्या होळीला ओट्यावर बसून तू हो म्हणाला असतास, तर घोडा लागला नसता, कॅप्सूल लागल्या नसत्या, आणि पपनसाचा प्रश्नच आला नसता. त्या गुन्ह्याबद्दल त्याने मला आजवर एक शब्द विचारलेला नाही. जो त्याने केला नाही, किंवा केला असला तरी मायेपोटी केला, तो मात्र तो उराशी धरून बसलाय. मला त्याची दया येते. पण पपनसाचा तो गुन्हा माफ केला तर त्याच्याकडून वसूल करायला माझ्या हातात काहीच उरत नाही, हेही मला कळतं.

"हो," मी म्हटलं. "बरी झाले असते."

त्याने मान हलवली. समोरची गाडी हलली आणि त्याने गिअर टाकला.